कोडचे तुकडे नीट जपून ठेवायचे कसे (नवीन लागलेल्यांसाठी)

हिंजवडीतल्या एका ऑफिसात माझा शेवटचा दिवस होता. दुपारी आयटीवाल्या दादांकडे लॅपटॉप जमा केला, सह्या केल्या, केक खाल्ला, आणि बस वाकड ब्रिजच्या ट्रॅफिकमधे उभी असताना आठवलं की नोटपॅड प्लस प्लसमधे "न्यू १" पासून "न्यू ५८" पर्यंतचे टॅब उघडेच होते, एकही कधी सेव्ह केला नव्हता. तीन वर्षांत गोळा केलेल्या क्वेऱ्या, शेल कमांड्स, रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायची सूत्रं), सगळं त्यात. फोन केला तोपर्यंत मशीन फॉरमॅटला लागलं होतं. दोष कुणाचाच नाही, माझाच. त्यात थोडंफार कंपनीचं पण होतं, ते गेलं ते एका अर्थी बरंच झालं, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता टीममधे दरवर्षी फ्रेशर येतात, कुणी लातूरचं कुणी नगरचं, कर्वेनगर नाहीतर बाणेरला पीजी घेऊन राहणारी पोरं, आणि सगळी तेच करतात जे मी केलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. स्निपेट म्हणजे कोडचा छोटा तुकडा, पाच ओळी, दहा ओळी, फार तर एक पान, जो परत परत लागतो. आज पायथॉन, उद्या जावा, मधेच कुणीतरी पीएचपीची जुनी साइट गळ्यात मारतो, त्यामुळे तुकडे पण चार-पाच भाषांतले होतात आणि खरा गोंधळ तिथेच होतो.

पायरी १: एकच जागा ठरवा

सध्या तुमचे तुकडे कुठे कुठे आहेत बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, जीमेलचे ड्राफ्ट, वर्डची "इंपॉर्टंट फायनल २" नावाची फाइल, मोबाइलमधले स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट तर सगळ्यात वाईट, त्यातून कोड नीट कॉपी होत नाही. वर्डमधे सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होतात, दिसायला छान, पण ती कोडमधे पेस्ट केली की एरर, आणि नवीन माणसाला एक तास कळत नाही की चुकलंय काय. व्हॉट्सअ‍ॅपमधे दोन स्टारच्या मधे काही आलं की ते ठळक होतं आणि स्टार दिसेनासे होतात, म्हणजे गुणाकारच गायब!

यावर उपाय साधा आहे, एक फोल्डर आणि त्यात साध्या टेक्स्ट फाइली. टेक्स्ट किंवा मार्कडाउन, काहीही चालेल. स्निपेट मॅनेजर म्हणून वेगळी अ‍ॅप मिळतात, काही चांगली पण आहेत, पण मी सुरुवातीला तरी सांगणार नाही. अ‍ॅप बंद पडलं, पैसे मागायला लागलं, एक्सपोर्ट नीट होत नाही, अशा भानगडी नंतर निघतात, आणि टेक्स्ट फाइल कुठल्याही मशीनवर उघडते.

पायरी २: काय ठेवायचं आणि काय नाही

फॉर लूप कसा लिहायचा हे ठेवू नका. ते हाताला बसायला पाहिजे, नाही बसलं तर अजून शंभर वेळा लिहा. माझा नियम असा, जी गोष्ट तिसऱ्यांदा शोधावी लागली ती ठेवायची, किंवा पहिल्यांदाच शोधताना अर्ध्या तासाच्या वर गेला असेल तर ती पण लगेच. दुसऱ्या प्रकारातले तुकडे जास्त मोलाचे, कारण त्यात कोड दोन ओळींचा असतो आणि तो का चालतो हे कळायला दुपार गेलेली असते.

कुणीतरी म्हणेलच की एआयला विचारलं की मिळतं सगळं, मग साठवायचं कशाला. मी पण विचारते की रोज! पण ते दर वेळी थोडं वेगळं उत्तर देतं, आणि माझ्या फोल्डरमधला तुकडा मी माझ्या डेटावर चालवून बघितलेला असतो. दोन्ही ठेवा की, भांडण कसलं त्यात.

पायरी ३: तुकडा लिहून ठेवायची पद्धत (ही पायरी नीट वाचा, बाकीच्या एक वेळ सोडल्या तरी चालतील)

सगळे सुरुवातीला भाषेप्रमाणे फोल्डर करतात. पायथॉनचं एक, जावाचं एक, एसक्यूएलचं एक. मी पण केलं होतं. सहा महिन्यांनी कळतं की आपल्याला आठवताना भाषा आठवत नाही, काम आठवतं. "अरे ते एक्सेलमधे मराठी नावं बिघडत होती तेव्हा आपण काहीतरी केलं होतं" असं आठवतं, पण ते तेव्हा पायथॉनमधे केलं होतं आणि आज जावामधे पाहिजे असतं. म्हणून फाइल कामाची करायची आणि तिच्या पोटात भाषा.

हेच उदाहरण घेऊ, कारण मराठी डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे लागतंच. प्रोग्रामने सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) काढली, त्यात "मंगल" "ज्ञानेश्वर" अशी नावं आहेत, नोटपॅडमधे नीट दिसतात, आणि क्लायंटने विंडोजवर डबलक्लिक करून एक्सेलमधे उघडली की नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या शेजारी चलनाचं एक गोल चिन्ह, असं ओळीच्या ओळी कचरा. फाइल खराब नसते. ती यूटीएफ-८ मधे (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची पद्धत) असते पण एक्सेलला ते कळत नाही, तो जुनी विंडोज कोडिंग समजून वाचतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मधे तीन बाइटचं, म्हणून एका अक्षराचे तीन तीन विचित्र तुकडे दिसतात. उपाय काय, तर फाइलच्या अगदी सुरुवातीला बॉम नावाची तीन बाइटची खूण टाकायची. ती दिसली की एक्सेल गुपचूप यूटीएफ-८ समजून वाचतो.

माझ्या फोल्डरमधे ती फाइल साधारण अशी आहे:

काम: मराठी नावांची सीएसव्ही एक्सेलमधे उघडली की कचरा दिसतो
कारण: एक्सेलला यूटीएफ-८ ओळखू येत नाही, सुरुवातीला बॉम पाहिजे
पायथॉन: फाइल उघडताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्यायचं, नुसतं "यूटीएफ-८" नाही. न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते
जावा: रायटर यूटीएफ-८ मधे उघडा, डेटाच्या आधी बॉमचं एकच कॅरॅक्टर (युनिकोड एफई-एफएफ) लिहा
जावास्क्रिप्ट: ब्लॉब बनवताना टेक्स्टच्या आधी तेच कॅरॅक्टर जोडा
पीएचपी: आउटपुटच्या आधी ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट. डबल कोटमधेच लिहा, सिंगल कोटमधे पीएचपी त्याचे बाइट करत नाही, जसंच्या तसं छापतं
सापळा: हीच फाइल परत प्रोग्रामने वाचायची असेल तर बॉम पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतो. दिसत नाही, पण "नाव" कॉलम सापडत नाही म्हणून एरर येतो
तपासलं: "ज्ञानेश्वर" टाकून, विंडोज, डबलक्लिक

इथे अर्थातच प्रत्येक भाषेखाली खरा कोड असतो, तो तुम्ही तुमचा लिहा. पण बघा की या फाइलमधे कोडपेक्षा "कारण" आणि "सापळा" या दोन ओळी जास्त कामाच्या आहेत. उद्या गो किंवा सी शार्पमधे हेच करायची वेळ आली तर कोड नसला तरी काय शोधायचं ते माहिती असतं. नवीन भाषेतलं उत्तर सापडलं की त्याच फाइलमधे एक ओळ वाढवायची, नवी फाइल नाही.

दुसरी एक अशीच फाइल, लाख-कोटीचे स्वल्पविराम. जावास्क्रिप्टमधे आकडा छापताना लोकॅल (म्हणजे भाषा आणि देश) "इंग्लिश-इंडिया" दिलं की १२,३४,५६७ असं आपलं नेहमीचं येतं, "मराठी-इंडिया" दिलं तर आकडेच देवनागरी होतात, जे कधी पाहिजे असतं आणि कधी क्लायंट ओरडतो. पायथॉनच्या साध्या स्वल्पविरामवाल्या फॉरमॅटने मात्र १,२३४,५६७ असं तीन-तीनचंच येतं, तिथे सहा-सात ओळींचं फंक्शन स्वतः लिहून ठेवावं लागतं. काम एकच पण एका भाषेत ते फुकट मिळतं आणि दुसरीत लिहावं लागतं, हे शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

पायरी ४: पॅटर्न कुठला?

अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगचं जुनं पुस्तक मागितलं तर दुकानदार विषय ऐकून घ्यायच्या आधी अभ्यासक्रम कुठल्या सालचा ते विचारतो, "पॅटर्न कुठला? पंधराचा का एकोणीसचा?" चुकीचं नेलं तर पुस्तक चांगलं असून परीक्षेला उपयोग नाही. कोडचं पण डिट्टो तसंच आहे, प्रत्येक तुकड्यावर व्हर्जन लिहा.

मायएसक्यूएलमधे डुप्लिकेट रेकॉर्ड शोधायला रो-नंबर वापरून लिहिलेली क्वेरी फार भारी असते, पण ती ८.० पासून चालते, ५.७ वर सिंटॅक्स एरर. पायथॉनमधे दोन डिक्शनरी उभ्या रेघेने जोडायची सोय ३.९ पासून आहे, सर्व्हरवर ३.८ असेल तर गेलं. आणि नुसतं भाषेचं व्हर्जन लिहून भागत नाही, मशीन पण लिहा. सेड कमांडने फाइलमधे जागेवर बदल करायचा डॅश-आय ऑप्शन लिनक्सवर नुसता चालतो, मॅकवर त्याच्यापुढे रिकामी स्ट्रिंग द्यावी लागते, आणि टीममधे निम्म्यांकडे मॅक असतो तेव्हा "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू येतं.

पायरी ५: नाव असं द्या की सापडलं पाहिजे

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोट्या लिपीत, मधे डॅश, स्पेस नको. आत मात्र पहिल्या ओळीत तुम्ही जसं बोलता तसं लिहा. मी "कचरा दिसतो" असंच लिहिलंय, कारण सहा महिन्यांनी मी "कचरा" हाच शब्द शोधणार आहे, "कॅरॅक्टर एन्कोडिंग इश्यू" माझ्या डोक्यात येणारच नाही. एररचा मेसेज आला असेल तर तो पण जसाच्या तसा पेस्ट करा, शोधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

फाइलचं नावच मराठीत ठेवलं तर? चालतं, पण गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) वापरत असाल तर गिट स्टेटसमधे ते नाव बॅकस्लॅश आणि आकड्यांची माळ असं दिसतं. गिटच्या कॉन्फिगमधे कोअर-डॉट-कोटपाथ फॉल्स केलं की नीट दिसतं, हा पण एक ठेवण्यासारखा तुकडा आहे बरं का.

शोधायला काही वेगळं लागत नाही. व्हीएस कोडमधे फोल्डर उघडून कंट्रोल-शिफ्ट-एफ, किंवा टर्मिनलवर ग्रेप, किंवा रिपग्रेप (दोन्ही फाइलींच्या आतला शब्द शोधणाऱ्या कमांड). पाचशे फाइली असल्या तरी क्षणात सापडतं.

पायरी ६: गिट, पासवर्ड आणि कंपनीचा माल

फोल्डर गिटमधे टाका आणि प्रायव्हेट रिपॉझिटरीत (गिटहबसारख्या साइटवरची, बाहेरच्यांना न दिसणारी जागा) पुश करा. माझ्यासारखे ५८ टॅब गमावायचे नसतील तर हे आजच करा.

गिटहबचं गिस्ट (एकच तुकडा ठेवून त्याची लिंक द्यायची सोय) पण चांगलं आहे एखादा तुकडा कुणाला पाठवायला, पण त्यात "सीक्रेट" गिस्ट म्हणजे प्रायव्हेट नाही, लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला ते दिसतं. तुकड्यात डेटाबेसचा पासवर्ड, एपीआय की, सर्व्हरचा आयपी, ग्राहकाचं खरं नाव किंवा फोन नंबर असं काहीही राहू देऊ नका, त्या जागी "इथे-पासवर्ड" असं ठोकळेबाज काहीतरी लिहा. चुकून पासवर्ड कमिट झालाच (म्हणजे गिटच्या नोंदीत गेलाच) तर पुढच्या कमिटमधे ती ओळ पुसून उपयोग नाही, जुन्या हिस्ट्रीत तो तसाच राहतो. सरळ पासवर्ड बदला, मग बाकीची साफसफाई.

आणि कंपनीचा माल. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी लिहिलेला कोड साधारणपणे ऑफिसचा असतो, जॉइन होताना ज्या कागदांवर न वाचता सह्या केल्या त्यात हे लिहिलेलं असतं. म्हणून मी आता जसाच्या तसा कोड कधीच नेत नाही. युक्ती लक्षात ठेवते, घरी येऊन स्वतःच्या मशीनवर नवीन छोटं उदाहरण घेऊन परत लिहिते, टेबलांची नावं आंबा-केळी ठेवते. यात अर्धा तास जातो खरा, पण परत लिहिताना तो तुकडा जास्त चांगला कळतो, कधी कधी तर कळतं की ऑफिसमधे चुकीचा लिहिलाय. शंका असेल तर लीडला विचारा, लाजू नका.

पायरी ७: दुसऱ्याचा तुकडा घेताना

स्टॅक ओव्हरफ्लोवरून घेतलं तर लिंक त्याच फाइलमधे ठेवा. एक तर तिथल्या मजकुराला लायसन आहे आणि त्यात श्रेय द्यायची अट आहे, आणि दुसरं म्हणजे उत्तराखालच्या कॉमेंटमधे नंतर कुणीतरी चूक दाखवलेली असते ती वाचायला मिळते.

हे मी उगीच सांगत नाहीये. बाइटचा आकडा माणसाला वाचता येईल असा, म्हणजे केबी, एमबीमधे दाखवायचा जावाचा एक छोटा तुकडा २०१० साली तिथे उत्तर म्हणून दिला गेला. पुढे २०१८ च्या एका अभ्यासात तोच तिथून सगळ्यात जास्त कॉपी झालेला जावा तुकडा निघाला, हजारो प्रोजेक्टमधे गेलेला. आणि २०१९ साली लिहिणाऱ्याने स्वतःच सांगितलं की त्यात बग आहे! ९,९९,९९९ बाइट दिले की १ एमबी यायच्या ऐवजी १००० केबी दाखवायचा. इतकी वर्षं सगळे कॉपी करत होते, काठावरचा आकडा टाकून बघणारे फार थोडे.

म्हणून तुकडा ठेवायच्या आधी वाकडा इनपुट द्या. रिकामी फाइल, शून्य, जोडाक्षरवालं नाव, आणि तारीख असेल तर डिसेंबरची अखेर. जावामधे तारखेच्या फॉरमॅटमधे वर्षासाठी छोट्या वायच्या ऐवजी मोठा वाय टाकला तर वर्षभर सगळं बरोबर दिसतं, कारण मोठा वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष. अमेरिकन लोकॅलमधे २९ डिसेंबर २०१९ ही तारीख त्याने २९ डिसेंबर २०२० अशी छापली जाते. जूनमधे टेस्ट केलं तर हे बापजन्मात सापडणार नाही.

जे तुकडे काही पुसतात त्यांच्या डोक्यावर पुणेरी पाटी लावा. माझ्या जुन्या लॉग पुसायच्या फाइंड कमांडवर (ही फाइली शोधते, डिलीट जोडलं की पुसते) लिहिलंय: "डिलीट सर्वात शेवटी लिहावे. आधी लिहिल्यास नावाची अट बघितली जात नाही, समोर येईल ते पुसले जाते. आधी डिलीटशिवाय चालवून यादी बघावी." त्याच्याखाली बारीक अक्षरात अजून एक, की "सात दिवसांपेक्षा जुन्या" म्हणून अधिक-सात लिहिलं तर फाइंड पूर्ण दिवस मोजतो, म्हणजे प्रत्यक्षात आठ दिवस झालेल्या फाइलीच जातात.

पायरी ८: एडिटरमधे घालणं, पण थोडंच

जे आठवड्यातून चारदा लागतं तेवढंच एडिटरच्या स्निपेटमधे घाला. व्हीएस कोडमधे कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून "कॉन्फिगर स्निपेट्स" शोधा, भाषा निवडली की जेसन फाइल उघडते. त्यात तीन गोष्टी, प्रीफिक्स म्हणजे काय टाइप केल्यावर तुकडा यावा, बॉडी म्हणजे तुकडा (प्रत्येक ओळ वेगळ्या कोटमधे), आणि वर्णन. बॉडीत डॉलर-एक, डॉलर-दोन लिहिलं की टॅब दाबत कर्सर त्या त्या जागी जातो, डॉलर-शून्य म्हणजे शेवटचा मुक्काम.

गंमत होते ती बॅश आणि पीएचपीमधे, कारण तिथे व्हेरिएबलच डॉलरने सुरू होतात. व्हीएस कोडला वाटतं हा त्याचाच डॉलर, मग तुकडा येतो तेव्हा डॉलर गायब आणि नुसतं नाव उरलेलं. त्या डॉलरच्या आधी बॅकस्लॅश लागतो, आणि फाइल जेसन असल्यामुळे तो बॅकस्लॅश दोनदा लिहायचा. पहिल्यांदा मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली, बाहेर पाऊस, मेसचा डबा गार. विम आणि ईमॅक्सवाल्यांसाठी पण अल्टिस्निप्स, वायएएसनिपेट असे प्लगिन आहेत, ती मंडळी स्वतःच शोधतात, त्यांना सांगायची गरज नसते.

पायरी ९: झाडलोट

महिन्यातून एकदा तासभर. आमच्याकडे गुरुवारी लाईट जायची तेव्हा वायफाय बंद, मग लॅपटॉपच्या बॅटरीवर मी हेच काम काढायचे, त्याला नेट लागत नाही. वर्षभरात एकदाही न उघडलेल्या फाइली "माळा" नावाच्या फोल्डरमधे टाकते, एकदम पुसत नाही. दोन फाइली एकाच कामाच्या निघाल्या तर एक करते. पायथॉन २ साठी लिहिलेलं जे होतं ते सगळं २०२० च्या जानेवारीत माळ्यावर गेलं, त्याचा सपोर्ट तेव्हाच संपला. परवा एका जुन्या सर्व्हरसाठी त्यातलीच एक फाइल खाली काढावी लागली, वर "पायथॉन २.७" असं लिहिलेलं होतं म्हणून दोन मिनिटांत काम झालं आणि चहाला वेळेत पोचले.